धाकटीचं घर

लाडक्या सैफिनला ताईचे आशीर्वाद.

मी बँकॉकात मजेत आहे. कपाळाला तीनच टाके पडलेत, घाबरू नकोस.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांसाठी आम्ही सरकारी योजना आखतोय ना, तिच्या सभेत साहेबांनी मसुदा वाचला : “रीतीप्रमाणे आईबापांचं घर धाकट्या मुलीलाच मिळतं, मग तिला सेवेचा मोबदला कशाला?”

तशी खामफाई नावाची बाई उठली. आईने चावून काळानिळा केलेला हात दाखवत ओरडली, “घर तुम्ही घ्या, आईलाही न्या!” आणि तिने खुर्ची भिरकावली. साहेब वाकले, मला लागली.

योग्य जागी लागली. ते वाक्य माझंच होतं. आज खोडलं.

बाबा जेवतात ना? पडून तुझा दात तुटला, असं तू लिहिलं होतंस. खरं सांग, काठी अजून त्यांच्या उशाशीच असते ना?

तुझी,
घर सोडून सुटलेली ताई