सांत्वनाला आलेल्या बाया

देवगाव फाटा,
४ जानेवारी २०२६

प्रिय अक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार, लेकराला पापा. इकडं सगळं बरं आहे असं लिहिणार होते. नाही लिहीत. फोनवर बोलावं तर सासूबाई शेजारीच येऊन बसतात, म्हणून हा कागद; लिहून झाला की फोटो काढून पाठवते.

कालपासून मला खाटेवर पाडून ठेवलंय आणि गल्लीतल्या बाया सांत्वनाला यायल्यात. बायनाबाई तर गळ्यात पडून रडल्या. "होतंय पोरी, पहिल्या टायमाला होतंय." अगं, पोट पडायला आधी ते राहावं लागतं ना! मला पाळी आलीय. नुसती पाळी!

मागच्या महिन्यात निरोध फाटला. मी पोलीस भरती होईपर्यंत लेकरू नको, हे आमचं दोघांचं ठरलेलं. दुसऱ्या दिवशी हेच जिंतूरहून गोळी घेऊन आले. पाळी पुढंमागं होईल, असं मेडिकलवाल्यानं सांगितलं होतं. पण इतका जीव टांगणीला लागेल हे कुणी सांगितलं नव्हतं. भरतीच्या सरावाला पळताना मध्येच थांबून पोटाला हात लावायचे मी. शेवटी घरीच तपासलं, एकच रेघ आली, म्हणजे दिवस नाहीत. तरी पाळी येईना आणि भीती काही जाईना.

आणि या घरात बाई बाजूला बसली नाही की अख्ख्या गल्लीला कळतं. सासूबाईंनी मला विचारलंसुद्धा नाही. परस्पर साखर वाटली, माझं पळणं बंद केलं. मी यांच्याकडं बघितलं, तर म्हणाले, "राहू दे, पाळी आली की कळंलच तिला."

परवा आली. तर सासूबाई म्हणतात, "पळून पळून पाडलंस माझं नातवंड!" दिवसभर जेवल्या नाहीत. त्यांना खरंच दुःख झालंय गं, म्हणून धड भांडताही येईना. आणि गोळी आणणारा माणूस दारात मुका उभा!

आता म्हणे सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. भरतीचं मैदान, पळायची परीक्षा, पुढच्या महिन्यात आहे, अक्का. सकाळी यांना विचारलं, आईला तुम्ही सांगता का मी सांगू? म्हणाले, "आत्ता कुठं शांत झालीय. कशाला उकरतीस?"

म्हणजे माझ्या पळण्यानं त्यांचं नातवंड गेलं, हे जन्मभर खरं धरायचं? लय झालं. उद्या बाया बसलेल्या असतानाच सांगणार आहे, गोळीसकट. मग तुमच्याकडं यायला पालमची गाडी धरते. दाजींना विचारून ठेव, भरती होईपर्यंत राहू द्याल का.

तुझी, कुणाचंही लेकरू न मारलेली,
अपेक्षा