आत्याचा आवाज पाण्याखाली

ती. आत्यास,

ओल्या हातांनी (कागद चिकटतोय, रागावू नकोस) शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आतोबा अजून वर्तमानपत्राच्या आड झोपतात का? मी ठणठणीत आहे. फक्त कानात पाणी गेलंय, त्यामुळे सगळे माझ्याशी लांबून बोलतायत असं वाटतं.

मी इथे काय करते हे घरात कुणालाच पटत नाही. बाबा लोकांना सांगतात, मुलगी मासळीच्या धंद्यात आहे. तर ऐक. आमच्या किनाऱ्यासमोरचा प्रवाळाचा एक पट्टा पाणी तापल्यामुळे मेला. आधी पांढराफटक पडला, मग त्यावर शेवाळ चढलं आणि मासे घर सोडून गेले. ते परतले तर शेवाळ खातील, जागा साफ होईल, नवं प्रवाळ धरेल. पण माशांची पिल्लं घर शोधतात कानांनी! नांदत्या प्रवाळात कोळंब्यांची कटकट, माशांची गुरगुर, असा भरल्या घराचा गलका असतो. तोच रेकॉर्ड करून मेलेल्या जागी भोंग्यावर वाजवायचा, हा आमच्या बाईंचा (म्हणजे संशोधन केंद्राच्या प्रमुखांचा, त्यांना हसताना या इमारतीत कुणी पाहिलेलं नाही) प्रयोग. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं हेलपाटे घातलेत.

माझ्या फोनमधला हा गलका भोंग्यात भरायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या खोलीत प्रत्येक खुर्चीवर कुणाचा तरी पाणबुड्याचा पोशाख निथळत असतो, त्यामुळे सगळी कामं उभ्यानेच होतात. मी एका हाताने केस पुसत, दुसऱ्या हाताने फाइल भरली आणि भोंगा खाली सोडला. आठवड्याने बुडी मारली, तर काय सांगू! नखाएवढे निळे मासे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, सगळे भोंग्याभोवती लग्नघरासारखे गर्दी करून! मी इतकी हसले की मुखवट्यात पाणी शिरलं.

वर आल्यावर बाईंनी बोटीतून पाण्यात माइक सोडला, कानाला हेडफोन लावला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"खाली कुणीतरी रागावतंय," त्या म्हणाल्या.

मी ऐकलं. आत्या, तूच होतीस गं! गलक्याऐवजी भरला गेला होता तुझा तो फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेला लांबलचक निरोप: फोन उचलायला हात झिजतात का, ओल्या केसांनी झोपू नकोस, पालेभाजी पोटात जाते का, आणि पुन्हा पहिल्यापासून. आठवडाभर अखंड!

"कोण या?"

"आत्या," मी म्हणाले. नोकरी गेलीच होती, आणि बाईंची सगळी मेहनत माझ्या वेंधळेपणाने (शब्दशः) पाण्यात.

बाई वाकून त्या माशांकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि बोट डुलायला लागली. मी भोंगा वर ओढायला दोरीला हात घातला, तर म्हणाल्या, "राहू दे. त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दे."

तुझी लाडकी (अजून असेन तर),
भाची

ता. क. एकाच निरोपावर कुणी विश्वास ठेवणार नाही, प्रयोग पुन्हा करायचाय. आणखी पाठव. गोड बोलू नकोस, तोच सूर हवा.

आणखी ता. क. बाईंना दाट शंका आहे, की भोंग्याच्या तिवईखाली आडोसा मिळाला म्हणूनच मासे आले. हे आतोबांना सांगू नकोस. तशी तिवई कुठे मिळते म्हणून विचारतील.

शेवटचं ता. क. हे वाचून अबोला धरलास, तर तोही रेकॉर्ड करून पाठव. तुलनेसाठी शांतता लागते, आणि ती समुद्रात कुठेच मिळत नाही.