रागात्सोचं मूळ

फिरेंझे (फ्लॉरेन्स), ३ मार्च १९५८

चोरी! दुसरा शब्द नाही. शब्दकोशातल्या 'रागात्सो'चं प्रूफ आलं. नोंद माझी, अकरा वर्षांच्या कष्टाची — आणि खाली नावाची आद्याक्षरं प्रोफेसर आल्देरीगींची.

रागात्सो म्हणजे पोरगा. शब्द दिवसातून शंभरदा तोंडात येतो, पण आला कुठून, कुणालाच ठाऊक नाही. बरेच म्हणतात अरबांकडून, सिसिलीत उतरला. हा शब्द असलेला तिथला सर्वांत जुना कागद ऑक्टोबर १२७१ चा. मला इथल्याच दप्तरात एका नोटरीचा कागद सापडला — फेब्रुवारी १२७१. आठ महिने आधीचा! म्हणजे शब्द इथलाच. तेव्हा हेच प्रोफेसर म्हणाले होते, "सिन्योरीना, 'मूळ अनिश्चित' लिहा आणि घरी जा."

४ मार्च

शेजारच्या टेबलावरची नीवेस म्हणते, "जाऊन भांड की! तुम्ही बेर्गामोच्या बायका इतक्या मऊ असता होय?"

गेले नाही. माझ्या भित्रेपणाची मलाच शिसारी येते.

२५ मार्च

आनुन्त्सियाता चर्चच्या जत्रेत नीवेसनं बडीशेपेच्या कुरकुरीत चकत्या हातात कोंबल्या. "घे, नवं वर्ष लागलं! आमच्या खापरपणज्यांचं आजच लागायचं."

घास तोंडातच राहिला. जुन्या फिरेंझेत वर्ष आजच्या दिवशी बदलायचं. म्हणजे इथला फेब्रुवारी १२७१ हा आजच्या हिशेबानं १२७२ चा — ऑक्टोबरच्या आधीचा नव्हे, नंतरचा! हे मी नव्या लोकांना पहिल्याच आठवड्यात शिकवते. आणि कागद सापडल्याच्या आनंदात स्वतःच विसरले. अकरा वर्षं पाण्यात.

घरी येऊन रडले. मग लक्षात आलं — नोंद आता माझी आहे कुठे? प्रोफेसरांची आहे.

२ एप्रिल

प्रोफेसरांनी बोलावलं. "उद्या छापायला जातंय. तारखा पुन्हा पडताळल्यात ना?"

"हो."

"नक्की? तुमच्या भरवशावर सोडतोय."

"नक्की," म्हटलं. आवाज जराही कापला नाही. होऊ दे त्यांचं हसं, सगळ्या विद्यापीठांत.

३ एप्रिल

कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

१९ जून

खंड आला. प्रती सगळीकडे रवानाही झाल्या. 'रागात्सो'च्या नोंदीखाली आद्याक्षरं माझी आहेत. प्रोफेसरांनी छापखान्यात जाऊन स्वतःची खोडली. आत चिठ्ठी — "काम तुमचंच होतं. मला लाज वाटली."