रेडिओतली गाठ

वहिनी,

दादाचं तेरावं झाल्यापासून त्याचा रेडिओ का लागत न्हाई, ते आज कळलं. फ्यूज चांगला हाय. मागचं झाकण काढलं तर आतली तार कात्रीनं कापलेली, आणि परत सांधलेली. मागावर तुटलेला धागा तुमी सांधता ना, तशी गाठ मारून. वरचं रबर सोलल्याशिवाय करंट जात न्हाई, वहिनी.

आईला सांगितलंय, ट्रान्सफॉर्मर जळलाय म्हणून.

सातच्या बातम्या लावून दादा दाढी करायचा. आता रेडिओ गप हाय, तरी सातला मोरीत कुणी नसताना त्याची दाढीची वाटी वाजते. तुमच्यासारखं मलाबी रोज ऐकू येतं. तार कापून ते थांबलं न्हाई.

जोडायला पाच मिनटं लागतील. तुमी सांगाल तवर मी हात लावत न्हाई.

रामहरी