रविवारची पाच नवलं

रविवार, ४ मे, सकाळी ८.३०
'पाच नवलं' अंक १३१ आठच्या ठोक्याला ई-मेलने रवाना. कला: जुन्या चित्राच्या रंगाखाली दुसरंच चित्र सापडलं. धर्म: दोन पंथांचं एकच प्रार्थनाघर, झाडलोट आळीपाळीने. संगणक: हस्ताक्षरावरून राग ओळखणारा प्रोग्रॅम. राजकारण: एका नगरपालिकेने सभागृहातल्या खुर्च्याच काढल्या, आता सभा वीस मिनिटांत आटोपते. विज्ञान: तीन वर्षं झोपून पुन्हा जागी होणारी गोगलगाय.

वाचक एकेचाळीस. बहुतेक माझ्या लायब्ररीचे जुने सभासद. नावं मीच घातली, पण काढून टाका असं फक्त सहा जणांनी कळवलं.

ई-मेल कोणी कधी उघडली, कधी बंद केली ते मला स्क्रीनवर दिसतं. दादाने ८.१० ला उघडली. अर्ध्या मिनिटात बंद. त्याचं वाचन पहिल्यापासून झपाट्याचं.

सोमवार, ५ मे
बायको पुन्हा मागे लागली. तीन वर्षं अबोला झाला, मोठा भाऊ आहे, तुम्हीच फोन करा. म्हटलं, दर रविवारी बोलतोच आहे की! गोगलगाय काय उगाच टाकली? तिने कपाळाला हात लावला.

झालं होतं एवढंच, की आईच्या शोकसभेत दादा बोलत होता आणि मी मध्येच एक तारीख दुरुस्त केली. भरल्या सभेत तो म्हणाला, तुला आई नकोय, तारीख हवीय. तारीख चुकलीच होती. माझ्याकडे दाखला आहे.

गुरुवार, ८ मे
वहिनींचा फोन. दादा हॉस्पिटलात. हृदय फार थकलंय, भेटून जा म्हणाल्या. तडक निघायचं ठरवलं. पण तीन वर्षांनी जायचं ते रिकाम्या हाताने? रविवारचा अंक खास हृदयावर काढतो. तो वाचून त्याचं मन आधी मऊ होईल, मग सोमवारी पहिल्या गाडीने मी हजर. बायको उठून माळ्यावरची बॅग काढायला गेली. पटलं असावं.

शनिवार, १० मे
चार नवलं झकास मिळाली. राजकारणात मात्र हृदय सापडेना. सगळा दिवस त्यातच गेला. बायकोने माझी बॅग भरून दाराशी ठेवली आहे. घाई तिला फार.

रविवार, ११ मे, सकाळी ८.४०
अंक १३२ गेला. चारावरच भागवलं. दादाने अजून उघडला नाही. हॉस्पिटलात नेट यथातथाच असणार.

दुपारी १
वहिनींचा फोन. दादा सकाळी सातला गेला.

मंगळवार, १३ मे
दादाच्या घरी. त्याच्या खोलीत बसवेना. काहीतरी बोलायचं म्हणून वहिनींना विचारलं, त्याला माझे अंक आवडायचे ना? त्या म्हणाल्या, भाऊजी, यांना दोन वर्षं अक्षर दिसत नव्हतं. दर रविवारी मीच उघडायचे. हे खुर्ची ओढून जवळ बसायचे आणि विचारायचे, त्याने स्वतःचं काही लिहिलंय का बघ. मी शेवटपर्यंत बघायचे आणि नाही म्हणायचे. मग म्हणायचे, बंद कर.

वहिनींसमोरच रडलो.

रविवार, १८ मे, सकाळ
अंक नाही. स्वतःचं लिहायला बसलो. 'दादा, माझं चुकलं. तुझी आठवण येते.'

पुढे काही सुचलं नाही. पुढे काही नव्हतंच. घड्याळ पाहिलं. एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.