कॉलिनच्या मुठीनं मोजलेली बिअर

रिवाका
४ मार्च

प्रिय डेस,

तुझा गुडघा आता बरा असेल असं धरून चालते. इथे हॉप्सची तोडणी सुरू झालीय. रस्ताभर त्या फुलांचा कडवट वास आणि प्रत्येक ट्रॅक्टरमागे गाड्यांची रांग. आपल्या अंगणातलं लिंबाचं झाड यंदा फळांनी वाकलंय. त्याचं कारण पुढे येईल.

मागच्या महिन्यात तुझी चिठ्ठी पत्रपेटीत मिळाली. 'वहिनी, दादाचं पातेलं दे. मार्चअखेरीला क्लबात त्याची बिअर प्यायचीय. तुला हे झेपणार नाही.' झेपतं की नाही हे ठरवणारा तू कोण रे? तुमच्या बिअर बनवणाऱ्यांच्या क्लबातला माणूस गेला, की तोडणी संपल्यावर त्याची बिअर बनवून सगळ्यांनी प्यायची, ही रीत मलाही ठाऊक आहे. कॉलिन नवरा माझा होता. बिअर मी बनवणार. बनवलीसुद्धा!

सुरुवातीला फजिती झाली, ते कबूल. तुम्ही दहा जण आणि मी, प्रत्येकी एक ग्लास, म्हणजे पाच लिटर पुरे. तेवढंच जवाच्या माल्टचं पाणी मी त्या पन्नास लिटरच्या पातेल्यात ओतलं आणि बटण दाबलं. तापवायचं एलिमेंट बसवलंय तळापासून चार बोटं वर, ते राहिलं उघडं. शेडभर धूर! दुसऱ्या खेपेला नवं एलिमेंट घालून ते बुडेल इतकं, दहा लिटर घेतलं. तासाभरात निम्मं उडालं आणि हाती आली काकवी. तोंड रुंद असलं की आत दहा लिटर असो नाहीतर चाळीस, वाफ तेवढीच जाते. तुम्हा भावांना हे माहीत होतं. मला कधी कुणी सांगितलं?

मग जुन्या बाजारातून उंच, अरुंद, बारा लिटरचं भांडं आणलं. शेजारच्या हेमीनं त्याला छोटं एलिमेंट बसवून कॉलिनच्याच कंट्रोलच्या पेटीला जोडून दिलं. हेमी शिकलेला वायरमन आहे, तुझ्यासारखा हौशी नाही. म्हणाला, "आंटी, आता पाच लिटर काय, कपभर चहा टाकलात तरी उकळेल." उगाच काहीतरी बोलतो, पण काम चोख आहे.

तू त्याची जुनी, पदक मिळालेली बिअर करणार होतास ना? मी केलीय शेवटची. आजारपणात त्याच्या तोंडाची चव गेली, त्यानंतरची. त्याच्या वहीत शेवटी शेवटी हॉप्सचं वजनच नाही. 'आणखी एक मूठ. आणखी एक मूठ.' आता त्याची मूठ कुठून आणू? त्याचा बागकामाचा हातमोजा फुलांनी भरला, काट्यावर ठेवला आणि आलेल्या आकड्याला आठानं भागलं; त्याची खेप चाळीस लिटरची, माझी पाचाची.

कडू जहर व्हायची ती. दर खेपेला चाळीस लिटर! मी एक घोट घेऊन "छान झालीय" म्हणायचे, आणि तो आत गेला की उरलेली लिंबाच्या बुंध्याशी. वर्षभर हेच केलं. मग क्लबात दहाजणांसमोर तू बोललास, "दादा, हे पिण्यासारखं राहिलं नाही. आता थांब." त्यानं पातेलं धुतलं, पुसलं, पालथं घातलं. आठ महिन्यांनी गेला. मी तुझा फोन घेणं बंद केलं. दफनाच्या दिवशी तुझ्याकडे पाठ करून उभी राहिले. डेसनं त्याला मोडला, असं गावभर सांगितलं.

एक गोष्ट मात्र सांगितली नाही. त्या संध्याकाळी घरी आल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "नोलीन, डेस म्हणतो ते खरं आहे का?"

मी भांडी घासत होते. दमले होते रे. त्या वासाला, बादल्या वाहण्याला, स्वतःच्या खोटं बोलण्याला. नेहमीसारखं 'छान झालीय' म्हणायला काय जात होतं माझं? मी मागे वळूनसुद्धा न बघता म्हटलं, "हो." तो "बरं" म्हणाला आणि शेडकडे गेला. पातेलं पालथं पडलं ते त्यानंतर.

माफी मागतेय असं समजू नकोस. तू घरी येऊन, एकट्याला सांगायला हवं होतंस. त्यावरून मी मरेपर्यंत तुझ्याशी भांडेन. पण तो थांबला तो माझ्या शब्दावर. ते तुझ्या नावावर ठेवणं आजपासून बंद.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ये. तिसरी खेप बाटल्यांत भरून ठेवलीय. हुबेहूब तशीच, जीभ सोलणारी. कुणी नाक मुरडलं तर त्याला दार दाखवीन. तू तुझा ग्लास तळापर्यंत संपव, शेजारी बसून मी माझा संपवते. मग मोठं पातेलं खुशाल उचलून ने. पेटी मिळणार नाही, ती मला लागते. आणि मी विचारलं, कशी झालीय, तर खरं सांग.

लिंबाला यावेळी एक थेंबही देणार नाही.

अजूनही तुझी वहिनीच,
नोलीन