आण्णांच्या चालीतला थांबा

आण्णा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि गेल्या महिन्यात मी तुमची चाल एका गेममध्ये घातली. आपण टीव्हीला जोडायचो तोच गेम, खड्ड्यांवरून उड्या मारत पळणाऱ्या माणसाचा. ती कॅसेट मी जपून ठेवली होती. त्यातला गेम आता कंप्युटरवर उतरवून घेता येतो, आणि फुकट मिळणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये नवीन संगीत लिहून जुन्याच्या जागी बसवता येतं. एका वेळी तीन स्वर आणि ताल धरायला थोडी खरखर, एवढंच त्या जुन्या यंत्राला झेपतं. थेरगावच्या फ्लॅटमध्ये बसून चाळिशीतला माणूस हे उद्योग करतो म्हणून तुमची सून हसते. "कंपनीत रोबोट चालवता आणि घरी येऊन खेळणी!" म्हणते. तिचंही काही चूक नाही.

पण त्या गेमचं संगीत पहिल्यांदा बदललं ते तुम्ही. गुरुवारी तुमची सुट्टी असायची. दिघीच्या आपल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी मी गेम लावला की तेच तेच ट्यँव ट्यँव ऐकून तुमचं डोकं उठायचं. "आवाज बंद कर त्येचा. मी वाजवतो," असं म्हणून तुम्ही बेंजो मांडीवर घ्यायचात. डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी ती बटणं, उजव्या हातात तारा छेडायची पट्टी. माणूस पळायला लागला की तुम्ही लय वाढवायचात, आणि तो खड्ड्यात पडला की खर्जातलं बटण दाबून ओरडायचात, "गेलं बेणं!" मी मुद्दाम पडायचो, हे तुम्हाला कळत असणार.

डाव्या हाताचं मधलं बोट चाकणच्या कंपनीत प्रेसखाली गेलं होतं, दोन पेरं. लोकांना वाटलं, आता बेंजो पार्टी सुटली यांची. तुम्ही सहा महिन्यांत पुन्हा वरातीत उभे राहिलात. नवरदेव मारुतीच्या देवळाशी पोचला की वाजवायची ती तुमची स्वतःची चाल होती. तिच्यात एके ठिकाणी ते बोट लागायचं. ते नाही म्हणून करंगळीशेजारचं बोट लांबवून न्यावं लागे, आणि तेवढ्यात सूर क्षणभर अडायचा. गावाला त्याची सवय झाली होती. नाचणारी पोरं त्या जागी एक पाय उचलून तशीच थांबायची आणि सूर आला की पाय आपटायची. दुसऱ्या गावची वऱ्हाडी मंडळी तिथं हमखास चुकायची आणि आपली पोरं त्यांना हसायची.

मग डीजे आले. मी डिप्लोमाला होतो, घरात पहिला कंप्युटर आला होता. तुम्ही एक दिवस बेंजो पुसूनबिसून माझ्यापुढं बसलात. "ही चाल ठिव तुज्या कंप्युटरात. आता आमाला कोन इचारतंय?" मी माइक लावला. तुम्ही वाजवलंत आणि नेमक्या त्याच जागी अडलात. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मी वैतागलो, बोलू नये ते बोललो. शेवटी एक घेतलं आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सूर ओढून तालावर बसवला. मला वाटलं, मी तुमची चाल दुरुस्त केली. तुम्ही शांतपणे ऐकलंत. "ब्येस झालंय. पर ह्ये मी न्हाई वाजवलं." मी हसलो. शहाणा होतो ना मी तेव्हा फार.

गेममध्ये मी तीच दुरुस्त चाल, पाठ होती तशी एकेक सूर लिहून घातली, आणि मोठ्या कौतुकानं आईला ऐकवली. ती लसूण सोलत होती. "कुनी वाजवलंय ह्ये?" म्हणाली. मी म्हटलं, "आण्णांचीच चाल आहे."

"चाल त्येंची हाय. पर त्ये इथं थांबायचे." तिनं हात वर केला, हवेतच धरला, आणि मग गुडघ्यावर टेकवला. "त्येंनी वाजवल्यालं हाय का रं तुज्याकडं? मरायच्या आदी येकदा ऐकू दे."

मी म्हटलं, तो कंप्युटर बिघडला, त्याच्याबरोबर सगळं गेलं. "जाऊ दे. यंत्रच त्ये," ती म्हणाली आणि लसूण सोलायला लागली. त्या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत एक सूर लिहितात, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्या जागी रिकाम्या ओळी घालतोय. दोन घातल्या, तीन घातल्या, पाच घातल्या. रोज तिला ऐकवतो आणि ती मान हलवते, न्हाई. काल ती हो म्हणाली, पण मला वाटतं, माझं तोंड बघून म्हणाली. तुमचा थांबा किती लांब होता ते मला खरंच आठवत नाही, आण्णा. त्याची लाज वाटते.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून खरं लिहितो. कंप्युटर बिघडला नव्हता. तुमचा दहावा झाला त्या संध्याकाळी मी ते मूळ रेकॉर्डिंग लावलं होतं. तुम्ही पाचव्यांदा अडता आणि माझा आवाज येतो, "बोटच नाही तर वाजवायचं कशाला, आण्णा?" मग तुम्ही म्हणता, "बरं. आता नीट वाजवतो," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करता. माझं वाक्य कापून बाकीचं ठेवता आलं असतं, तेवढं मला तेव्हाही येत होतं. पण तुमचं ते "बरं" मला ऐकवेना, म्हणून मी सगळंच पुसून टाकलं.